डाव्या हातातलं घड्याळ

बाबांचा डावा हात रमजानच्या आधी गेला. म्हणजे होता जागेवरच, फक्त काम करत नव्हता. डॉक्टर म्हणाले, हलेल कदाचित, नाहीही हलणार. बाबांनी यातलं पहिलं तेवढं ऐकलं. अलेक्झांड्रियात चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या केलेला माणूस. वस्तरा उजव्या हातात, पण गाल ताणून धरतो तो डावा. तो नाही म्हणजे दुकानाचं शटर खाली.

त्याच मनगटावर त्यांचं ऑटोमॅटिक घड्याळ. हात हलला की आपली आपण चावी भरून घेतं, नाही हलला की दीड दिवसात थांबतं. थांबलं.

"घड्याळ बिघडलंय," बाबा म्हणाले. "एखादं भरवशाचं बघून आण."

मी जुन्या बाजारातून दुसरं आणलं. तेही थांबलं. तिसरं घ्यायला गेलो तेव्हा गाराबेद घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं, "पोरा, घड्याळात तर काही दोष नाही. घालणारा जिवंत आहे ना?"

"आहे. शिव्या देतो."

"मग म्हणावं, दुसऱ्या हातात घाला."

हे घरी कोण सांगणार? घड्याळ चालेल तेव्हा हात चालेल, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. मी सेलवर चालणारं घेतलं आणि ऑटोमॅटिक म्हणून त्यांच्या मनगटावर बांधलं.

चार दिवस ते न थांबता चाललं. पाचव्या दिवशी बाबांनी फिजिओवाल्या बाईंना चहा पाजला आणि कायमचं घरी पाठवलं. "हात चालतोय, दिसत नाही?" मग मला शटर उघडायला लावलं.

पहिला आला रिझ्क मासळीवाला. पाच लेकरांचा बाप. त्याला बाजूला सारून मीच खुर्चीत बसलो.

"तुला दाढी कुठंय, गाढवा?" बाबांनी विचारलं.

"येईल."

बाबांनी उजव्या हाताने डावा उचलला आणि माझ्या गालावर ठेवला. गार होता, आणि जड. कानापाशी घड्याळ बिनचूक टिकटिकत होतं.

"नीट ताणलंय ना?"

"ताणलंय," मी म्हणालो आणि आतून जिभेने गाल बाहेर ढकलला.

वस्तरा टेकला.

"आता हलायचं नाही," बाबा म्हणाले.

मी आणि तो हात, दोघांनीही ऐकलं.