खाली लागलेली खीर

“औंदा खीर नाय. बिस्किटाचे पुडे वाटायचे, ठरलंय,” कार्यक्रमाचं बघणाऱ्या विशाखानं विहाराच्या पायरीवरूनच जाहीर केलं.

बुद्धपौर्णिमा उद्यावर आलेली. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीची खीर म्हणजे माझी बायको, सत्यभामा. अठरा वर्षं तिनं डेगीपाशी उभं राहून दोनशे माणसांची खीर केली. पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीत घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

“तिचा हात मोडलाय, साऱ्या गल्लीचे मोडले का?” मी खुर्चीवरूनच विचारलं.

“हात हायेत, अप्पाकाका. पण तुमचं ऐकून कोण घेणार? गोड झाली तर म्हणता पाक केला, पातळ झाली तर म्हणता हात धुवायला ठेवलीय का. मागच्या साली कचरूभाऊ सत्यभामामावशीच्या मदतीला उभे राहिले, तर भर पंगतीत त्यांची अब्रू काढली तुम्ही.”

कचरू शेजारीच मंडपाची दोरी बांधत होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी खरं तेच बोलतो, असा माझा तोरा. नोकरीभर कंपनीत दुसऱ्यांनी केलेले पार्ट तपासले. चूक दिसली की बोलायचं, त्याचाच पगार. विहारातून घरी आलो तर सत्यभामा भिंतीकडं तोंड करून बसलेली. भांडली असती तर परवडलं असतं.

“अठरा वर्षं एक साल चुकलं नाय,” ती म्हणाली. “तुमच्या जिभेनं माझी खीर बंद पाडली.”

मला, अप्पारावाला, कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. संध्याकाळीच विशाखाकडं गेलो आणि म्हणालो, “दूध-तांदूळ सांग. खीर मी करतो.” तिनं बिस्किटाचे पुडे थांबवले.

सकाळी साडेसहाला विहारामागं भट्टी पेटवली. सत्यभामा जवळ खुर्ची टाकून बसली. सगळं तिच्या सांगण्यावरून चाललेलं.

“बुडापासून ढवळत राहा. थांबायचं नाय,” तिनं तीनदा बजावलं.

तासाभरात खांदे भरून आले. अठरा वर्षं ही बाई हे करत होती आणि मी वाटी पुढं करून चव सांगत होतो! तेवढ्यात पोरांनी पंचशील ध्वजांची माळ बांधायला घेतली. पार वाकडी.

“अरे, डावीकडं वढा! डोळे फुटले का?” मी उलथणं सोडून मंडपात गेलो. जित्याची खोड! परत आलो तोवर जळका वास सुटला होता. घाबरून मी बूड खरडायला लागलो.

“खरडू नका!” सत्यभामा ओरडली. “समदी नासंल! वरची वर काढा.”

कचरू कधी धावत आला कळलं नाही. डेगीचा एक कान त्यानं फडक्यात धरला, दुसरा मी. वरची खीर दुसऱ्या पातेल्यात ओतली. वास मात्र राहिलाच.

वंदना झाली, पंगत बसली. वाढायला मीच उभा राहिलो. पळून जाणं बरं दिसलं नसतं. दोनशे माणसं जेवली, पण कुणी चकार शब्द काढला नाही. तेच जास्त टोचत होतं. एखाद्यानं तरी शिवी हासडावी, असं वाटत होतं.

शेवटी कचरूपाशी आलो. त्यानं वाटी पुसून खाल्ली.

“लागलीय ना?” मीच विचारलं.

“व्हय. चांगलीच लागलीय,” तो म्हणाला आणि वाटी पुढं केली. “वाढा अजून.”

“कचरूभाऊ, मागच्या साली चुकलं माझं.”

“खाऊ द्या की निवांत आता.”

मी वाटी काठोकाठ भरली. थोडी सांडलीसुद्धा.

पंगत उठल्यावर डेग घासायला बसलो. सत्यभामा डाव्या हातानं पाणी ओतत होती. बुडाचं काळं काही केल्या निघेना.

“निघंल,” ती म्हणाली. “घासा.”