थोराला कुणी सांगितलं नाही

मित्रांनो, लोक मला एमआरआय म्हणतात. मुळात मी माणसाच्या मेंदूत डोकावणारा एक थोराड चुंबक. मला स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या इस्पितळात आणलं तेव्हा छत उघडून क्रेनने आत उतरवावं लागलं होतं. त्याला सतरा वर्षं झाली.

पहिली वर्षं लोकांचे गुडघे आणि पाठी बघण्यात गेली. मग डॉक्टर मॅग्नस रेंडल आले. ते उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचे. तिकडे मल्टिपल स्क्लेरोसिसचा माणूस जवळजवळ प्रत्येकाच्या नात्यात. या आजारात शरीराचे राखणदारच नसांवरचं वेष्टण कुरतडतात. मेंदू प्राणवायू किती वापरतो हे मोजलं, तर पडझड आधीच कळेल, असं डॉक्टरांचं म्हणणं. प्राणवायूने भरलेलं रक्त आणि वापरून रितं झालेलं रक्त मला वेगवेगळं जाणवतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. केवढा अभिमान वाटला होता मला!

थोरा इस्बिस्टर डॉक्टरांच्या या अभ्यासात पहिल्या वर्षापासून येई. ऑर्कनीतल्याच वेस्ट्रे बेटावरची, खेकडे धरायची होडी स्वतः चालवणारी. तिलाही हाच आजार होता, पण औषधाने आटोक्यात. डॉक्टर तिच्या शाळेतले. त्यांच्या शब्दाखातर ती दर सहा महिन्यांनी समुद्र ओलांडून येई आणि तोंडावर श्वास मोजणारा मुखवटा लावून माझ्या पोटात निपचित पडे. काही वावगं दिसलं तर तुलाच आधी सांगेन, असं त्यांनी कबूल केलं होतं. उठताना ती दरवेळी विचारी आणि ते म्हणत, "ठणठणीत आहेस बाई तू."

तिसऱ्या वर्षी तिचा मेंदू प्राणवायू कमी वापरू लागला. चित्रात आजाराचे नवे डाग नव्हते, पण आकडा घसरला होता. मी तो दिला. पुढच्या खेपेला आणखी खाली. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, तरी "ठणठणीत"च म्हणाले. सांगितलं असतं तर तिने दुसरं औषध मागितलं असतं, आणि औषध बदललेलं माणूस त्यांच्या अभ्यासात बसत नव्हतं.

पाचव्या वर्षी थोरा काठी टेकत आली. मला चालवणाऱ्या एल्सपेथला सगळं ठाऊक होतं. ती आजवर गप्प होती. त्या दिवशी तिने पडदा थोराकडे वळवला आणि दोन वर्षांपूर्वीचा आकडा दाखवला.

थोराने डॉक्टरांना बोलावून घेतलं.

"मॅग्नस, हे तुला केव्हापासून ठाऊक होतं?"

एकट्या माणसाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, अभ्यास पुरा व्हायला हवा, असं काहीसं ते बोलले.

"समोर धुकं दिसलं की मी मागच्या होडीला भोंगा देते. किती दाट आहे ते मोजत बसत नाही."

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "तू अभ्यास सोडून गेली असतीस तर बाकीचेही गेले असते गं."

"मग आता जातील."

आणि गेले. बेटांवरून येणारे एकेक करून थांबले, अभ्यास अर्धवट राहिला. दुसऱ्या डॉक्टरांनी थोराचं औषध बदललं. आजार थबकला, पण डाव्या पायातली ताकद परतली नाही. होडी तिने भावाच्या हवाली केली.

मला लागलं ते वेगळंच. त्या दिवशी निघताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही त्यांना सामील होतो. मित्रांनो, मी एकदाही खोटं बोललो नव्हतो. पण माझं खरं तिच्यापर्यंत पोचवणं माणसांच्या हाती होतं.

पुढच्या महिन्यात मला मोडीत काढतील. त्याचं दुःख नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्या यंत्रापाशी काम करील. आत निजलेलं माणूस उठून बसेल आणि तुमच्या तोंडाकडे बघेल. तेव्हा आधी त्याला सांगा. वहीत मग लिहा.