ऐंशी दिव्यांचा फोटो

पस्तिसाव्या वर्षी तोंडावर मुरमं आली की लोकांना आधी आश्चर्य वाटतं आणि लगेच उपाय सुचतो. कॉलेजात असताना माझा चेहरा अगदी स्वच्छ होता. तेव्हा मैत्रिणी आरशासमोर रडायच्या आणि मी शहाणपण शिकवायचे. आता माझी पाळी होती. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने, महिन्याच्या ठरलेल्या आठवड्यात एकेक पुळी हजर व्हायची, ठणकायची आणि जाताना डाग ठेवून जायची. ‘या वयात?’ असं मला बदलापूरला खरवईतल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईने विचारलंय. तिचा मजला आला म्हणून ती वाचली.

माझ्या नणंदेने, म्हणजे नागपूरच्या कुंदाताईंनी, फोनवरून लिंबू सांगितलं, मग मुलतानी माती, मग दुधात उगाळलेलं जायफळ. मी मुकाट्याने सगळं केलं. लिंबानंतर दोन दिवस तोंडाला ओढणी बांधून फिरले. शेवटी अंबरनाथच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पाळीची चौकशी केली, रक्त तपासून घेतलं आणि म्हणाल्या, “हे हार्मोन्सचं आहे. स्वयंपाकघरातलं सामान स्वयंपाकघरातच राहू दे. औषध घ्या, रात्री क्रीम लावा, नखं लावू नका. फरक पडेल, पण सावकाश.”

फरक पडत होता, खोटं कशाला बोलू! पण सावकाश म्हणजे किती सावकाश, हे डॉक्टर कधीच सांगत नाहीत.

यातली खरी गंमत माझ्या नोकरीत आहे. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये चंदरभाई या सिंधी गृहस्थांचा फोटो स्टुडिओ आहे आणि तिथे मी दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे चेहरे साफ करते. नवरीची पुटकुळी, नवरदेवाच्या डोळ्यांखालचं काळं, मामेसासऱ्यांचा घाम, सगळं माझ्या हातून जातं. मुरूम दिसलं की त्यावर ब्रश नेऊन टिचकी मारायची, संपलं. दिवसाला शंभर हनुवट्या चकचकीत करून मी माझी हनुवटी घेऊन घरी यायचे.

घरी मात्र मी एक युक्ती केली होती. फोटो काढायचा कुठलाही प्रसंग आला की कॅमेरा मीच धरायचे. वास्तुशांत, दिवाळी, नवऱ्याचं, म्हणजे उन्मेषचं, प्रमोशन. “अण्णा, जरा मध्ये या. उन्मेष, पोट आत.” सगळे म्हणायचे, राजसी काय छान फोटो काढते! काढणारच. फोटोत यायचं नाही म्हटल्यावर माणूस मन लावून काढतो. गेल्या तीन वर्षांत आमच्या घरातल्या एकाही फोटोत मी नव्हते आणि हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, अशी माझी समजूत होती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर होते. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. त्यांनी या घरात आल्या आल्या सोफ्यावरच्या भिंतीत एक खिळा ठोकून घेतला होता. तिथे घरातल्या सगळ्यांचा एक मोठा फोटो हवा, असं त्यांचं म्हणणं. मी ‘बघू, बघू’ करत त्या खिळ्याला कॅलेंडर अडकवून ठेवलं होतं. यंदा त्यांची ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. घरात ऐंशी दिव्यांनी ओवाळायचं ठरलं.

“ओवाळताना फोटो काढायचा आणि तोच इथे लावायचा,” अण्णा म्हणाले. “ताट राजसीच्या हातात. कुंदा बाजूला उभी राहील.”

“फोटो मी काढते ना, अण्णा. ताट कुंदाताई घेतील.”

“कुंदा पाहुणी. घर तुझं आहे. आणि फोटो काढायला चंदरभाईंना जेवायलाच बोलावू.”

मी हो म्हटलं, कारण तेव्हा तीन महिने हातात होते. तोपर्यंत औषधाने चेहरा साफ होईल असा माझा हिशोब. हिशोब जवळजवळ बरोबर आला होता. वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर एकदम पाच पुळ्या आल्या, मधली तर चांगली लालबुंद. आणि वर ऐंशी दिव्यांचं ताट! खालून येणारा उजेड म्हणजे चेहऱ्याचा वैरी. त्यात बारीक पुळीसुद्धा टेकाडाएवढी दिसते. हे मला नाही तर कुणाला कळणार? तो फोटो जन्मभर भिंतीवर राहणार, येणारा-जाणारा चहा पिताना माझी हनुवटी बघणार. मी ठरवून टाकलं. रविवारी ऐन वेळी कॅमेरा हातात घ्यायचा आणि ताट कुंदाताईंच्या हातात द्यायचं. अण्णा रागावले तर रागावले.

शुक्रवारी दुपारी स्टुडिओत गोजरबाई आणि दौलतराव आले. बदलापूरच्या पुढच्या एका गावचं हे म्हातारं जोडपं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून नातवाने दोघांना आठवडाभरापूर्वी आणून फोटो काढवला होता. तो मीच साफ केला होता आणि मोठा करून फ्रेममध्ये बसवला होता. मी वरचा कागद काढून फ्रेम काउंटरवर उभी केली.

गोजरबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. परत बघितलं.

“यो माजा घरवाला हाय, बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “पन याच्या बाजूला ही बाय कोन बसवलीस?”

“आजी, तुम्हीच आहात.”

“मी? मंग माजं गोंदलेलं कुटं गेलं?”

मी त्यांच्याकडे बघितलं. हनुवटीवर हिरवट रंगाचे तीन गोंदलेले ठिपके, आडव्या रांगेत. फोटोत एकही नव्हता. फोटो साफ करताना त्या दिवशी माझा हात हनुवटीवर गेला, ठिपके दिसले आणि तीन टिचक्या मारून मी मोकळी झाले होते. हे गोंदण आहे, हे मला दिसलंच नव्हतं. मला सगळ्यांच्या हनुवटीवर माझीच मुरमं दिसत होती.

दौलतरावांना मजा वाटत होती. “ऱ्हाऊ दे, पोरी. पन्नास वर्सांनी नवी बायको मिलतेय मना.”

“गप ऱ्हावा,” गोजरबाई म्हणाल्या, पण हसत. मग मलाच सांगायला लागल्या. “अगं, यांनी मना या ठिपक्यांवरनं वलखली. लगीन झालं त्या वर्साला आमी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रंला आलो. शिवरात्रीला. गर्दीत माजा हात सुटला. यांनी माजं तोंड धड बगितलेलं कुटं? मान खाली घालून असायची मी, ठिपकं तेवढं दिसलेलं. मंग यो बाबा जत्राभर इचारत फिरला, हनवटीवर तीन ठिपकं असलेली बाय दिसली का? तीन ठिपकं असलेली बाय दिसली का? एका बांगडीवाल्यानं दावली मना.”

“नाय त दुसरीच घिऊन गेलो असतो घरी,” दौलतराव म्हणाले.

चंदरभाई गल्ल्यावरून उठून आले, हात जोडून म्हणाले, “माताजी, माफ करना. अभी के अभी दूसरा बनाके देते हैं.” दोघांना लस्सी मागवली. मी मूळ फोटो उघडला आणि ठिपके होते तसे परत आणले. ते परत आले तशी पडद्यावरची कुणीतरी बाई गोजरबाई झाली. मला लाज वाटली, आणि का कुणास ठाऊक, बरंही वाटलं. नवी फ्रेम हातात आल्यावर त्यांनी काचेवरून हनुवटीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हा. आता मीच हाय.”

निघताना त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आला उपाय. पण त्या एवढंच म्हणाल्या, “येते गं पोरी,” आणि गेल्या.

रविवारी घर माणसांनी भरलं. कुंदाताईंनी नागपूरहून जायफळ आणलं होतं, पण मी ते मसाल्याच्या डब्यात टाकलं. ऐंशी दिवे लावता लावता उन्मेषच्या हाताला दोनदा चटका बसला. अण्णा नवा सदरा घालून पाटावर बसले. चंदरभाईंनी कॅमेरा काढला, तेव्हा मला ठरवलेलं सगळं आठवलं. कुंदाताई बाजूलाच होत्या. नुसतं ताट त्यांच्या हातात द्यायचं होतं. मी वळलेसुद्धा. मग जत्रेत तीन ठिपके शोधत फिरणारा तो तरणा दौलतराव डोळ्यांसमोर आला आणि मला हसू फुटलं. “धरू का गं?” कुंदाताईंनी विचारलं. “नको, जड नाहीये,” मी म्हटलं आणि अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. दिव्यांची धग हनुवटीला लागत होती.

सोमवारी स्टुडिओत गेले तर चंदरभाईंनी फ्रेमच पुढे केली. “ले बेटा. अण्णा को मेरी तरफ से गिफ्ट. तेरा फेस मैंने खुद साफ किया, एकदम बारीकी से.”

खरंच बारीकीने केलं होतं. माझी हनुवटी स्टीलच्या वाटीसारखी गुळगुळीत होती. हीच हनुवटी मी तीन वर्षं मागत होते, आणि आता तिच्याकडे बघून काहीच वाटेना.

“चंदरभाई,” मी म्हटलं, “अण्णा बरोबर आहेत. पण त्यांच्यासमोर ताट घेऊन ही बाय कोन उभी केलीत?”

त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे साईं! गोजरबाई की हवा लग गई इसको!”

मूळ फोटो पडद्यावर आला तेव्हा मात्र पाचही पुळ्या उजेडात ठळक दिसत होत्या, आणि मला वाईट वाटलं. उगाच मोठेपणा कशाला सांगू! हात सवयीने माउसकडे गेला. मधली तेवढी काढावी, एकच, असं मनात आलं. मग मी फोटो लहान करून पूर्ण बघितला. दिव्यांमागे अण्णा माझ्याकडे बघून तोंडभर हसत होते. त्या बघण्यात कुठे काही खुपल्यासारखं दिसत नव्हतं. मी प्रिंट दाबलं.

संध्याकाळी अण्णांनी कॅलेंडर स्वतःच्या हाताने उतरवलं आणि उन्मेषने फ्रेम लावली. तो फ्रेमपाशी नाक नेऊन म्हणाला, “अगं, ही मधली तर आज बसलीसुद्धा. आणि उजवीकडची नवी या फोटोत नाहीये.”

“जायफळ लावलं असतंस तर—” कुंदाताईंनी सुरुवात केली.

“कुंदे, गप बस,” अण्णा म्हणाले. ते चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तीन वर्षांतला कुठलाही फोटो काढून बघ, राजसी. आम्ही सगळे तुझ्याकडेच बघून हसतोय. पण परक्याला काय कळणार, कुणाकडे बघतोय ते? आता कळेल.”

म्हणजे माझी युक्ती त्यांना पहिल्यापासून माहीत होती. सोफ्यावर पडलेलं कॅलेंडर मी उचललं आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात त्याच्यासाठी दुसरा खिळा शोधायला गेले.