झाडाच्या सत्काराला निघालेली चादर

माझं वाटोळं महादेवप्पांनी केलं. नाव आधीच सांगून टाकते, कारण वडीलधाऱ्यांची चूक निघाली की लोक घसा खाकरतात आणि विषय पिकापाण्यावर नेतात. मी चादर बोलतेय. सोलापुरी, लाल-हिरवी, अर्धवट.

अर्धवट ही शिवी नाही, तो माझा दाखला आहे. काही पोरं शाळा मधेच सोडतात, तशी मी मागावरून मधेच उतरलेली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत महादेवप्पांचे आठ यंत्रमाग. सातव्यावर धोंडीराम मला विणत होता. एका टोकाचा काठ झाला, अंगावरचे मोर झाले, दुसऱ्या टोकाचा काठ तेवढा राहिला होता. तो झाला, टोकाच्या सुट्या धाग्यांना, म्हणजे दशांना, गाठी बसल्या, की कुणाच्या तरी अंगावर जायचं, एवढंच मला हवं होतं. आमदार व्हायचं नव्हतं.

शहात्तर सालच्या सप्टेंबरात मालकांनी कामगारांची सहल काढली. घाटातल्या दाट रानात एक प्रचंड झाड आहे, सहा माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही, असं त्यांना एका सुताच्या व्यापाऱ्यानं सांगितलं होतं. आता, काहीही थोर दिसलं की महादेवप्पांना एकच गोष्ट सुचते. सत्कार. हार, नारळ आणि चादर. बदलून आलेला साहेब असो की रिटायर होणारा मास्तर, आमच्या कारखान्याची चादर त्याच्या खांद्यावर पडणारच. मग झाडानंच काय घोडं मारलं होतं?

"मालक, काठ राहिलाय," धोंडीराम म्हणाला. "दोन तास द्या."

"लॉरी भाईर हुबी हाय. काप."

"गाठी तरी मारतो की."

"झाडाला काय काठ कळतोय व्हय रं? काप म्हणतो न्हवं."

धोंडीरामानं कापलं. वीस वर्षं माग चालवलेला माणूस, पण मालकापुढं त्याची मान एकाच बाजूला हलायची.

आणि मी? मी खुशीत होते. साध्या माणसाच्या घामाला कोण लागतंय, आपण थेट थोरांच्या खांद्यावर जाणार. झाडाला खांदे नसतात हे मला कुठं ठाऊक होतं. माझं जगाचं ज्ञान म्हणजे आठ माग आणि दारातला एक वाळका लिंब.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या रानात पोचलो. पाऊस थांबला होता, तरी पानांतून पाणी गळतच होतं. बहात्तरच्या दुष्काळात टँकरमागं पळालेली ही माणसं, वरून फुकट पडणाऱ्या पाण्याकडं संशयानं बघत होती. ऊन खाली येतच नव्हतं. प्रत्येक खोडावर शेवाळ, प्रत्येक पायावर जळू. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दहा मिनिटांत भाकरी अशी मऊ पडली, की मागांची देखभाल करणाऱ्या जॉबर गुरुबसप्पानं ती फडक्यासारखी पिळून दाखवली.

काशम्मा आमच्याकडं मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. साठी उलटलेली, अंगावर हाडं तेवढी. तिचं लुगडं भिजलं आणि तिला हुडहुडी भरली.

"मालक, ती चादर द्या की जरा," ती म्हणाली. "लई गारठलेय."

"सत्काराची हाय ती. तुझ्या अंगाला लागलेली झाडाला घालू व्हय? दम खा जरा. कार्यक्रम झाला की घे."

खरं सांगते, मला मालकांचं पटलं. माझ्या अंगातलं निम्मं सूत त्या बाईच्या हातून कांडीवर चढलेलं, आणि मला तिच्या अंगावर जायची लाज वाटली. महादेवप्पांना नावं ठेवताना हे गाळता येत नाही, नाहीतर गाळलं असतं.

मग झाड आलं. त्याची मुळंच माणसाच्या उंचीची, भिंतीसारखी उभी. दोघांनी मला दोन टोकांना धरून खोडाला लावलं. हत्तीच्या पाठीवर हातरुमाल टाकावा तसं दिसलं.

"मालक, ह्याला अख्खी एमआयडीसी लागंल," गुरुबसप्पा म्हणाला. सगळे हसले. मालक हसले नाहीत.

"वढा. सूत हाय, सैल हुतंय."

त्यांनी ओढलं. बिनकाठाच्या टोकाचे धागे भराभर सुटले, मग मी एका मुळावर अडकले आणि मोरांमधून फाटले. उरलेल्या मला सुतळीनं वेलीला बांधलं. त्यावर मालकांनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली. झाडाशी. सचोटी, शिस्त, उंची. तेवढ्यात पाऊस आला. मालक बोलत राहिले आणि पंचवीस माणसं हात जोडून भिजत राहिली, कारण मोठ्या माणसाचं भाषण अर्ध्यावर सोडायची आमच्याकडं पद्धत नाही. चादर अर्ध्यावर सोडलेली चालते.

भाषण संपल्यावर मला वेलीवरून सोडवून काशम्माच्या अंगावर टाकलं. मी पाण्यानं निथळत होते, दोन जळवा घेऊन आले होते. तिनं मला खांद्यावरून खाली घेतलं.

"ही माझ्यापरास गार हाय," ती म्हणाली. मग मला पिळलं, नीट घडी घातली आणि लॉरीत कोपऱ्यात ठेवलं.

परतल्यावर तिला ताप भरला. लेक येऊन तिला आपल्या गावी, करकंबला घेऊन गेली. कांड्यांवर दुसरी बाई बसली. महादेवप्पा अजून सांगतात, सहल फार छान झाली.

माझे चार तुकडे केले. मी त्यातला एक, मागाचं वंगण पुसते. तुमच्या घरी सत्काराची चादर कपाटात पडली असेल, तर आज बाहेर काढा आणि घरात जे माणूस कुडकुडतंय त्याला द्या. चादरच नको म्हणेल, तिचं ऐकू नका.

मला एकाही माणसानं कधी पांघरलं नाही.