एका शेळीला दोन मालकिणी

औंढ्याच्या शेळीपालन संस्थेत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सुकन्याला एक खोड होती: कोडं पुढ्यात आलं की ती जेवण विसरायची. २००६ साली संस्थेचा नोंदणीचा प्रोग्राम पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत तिनंच लिहिला होता. बाईचं नाव आणि शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर भरायचा, मग यादीवरून कार्ड छापून निघायचं. त्या कार्डावर डॉक्टर फुकट औषध करत.

शिरड शहापूरच्या भिकाबाईचं कार्ड मात्र निघेना. पडद्यावर ‘नोंद झाली’ येई, आणि यादीत बघावं तर बाई गायब!

“गाभण बकरी तापानं फणफणून राहिली,” भिकाबाई काकुळतीला आली. “कारडाबिगर डॉक्टर हात लावंना. काहून असं करून राहिलं हे डबडं?”

“तेच बघते, मावशी.”

प्रोग्राम लबाड निघाला. नोंद टेबलात, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदींच्या तक्त्यात, गेली नाही तरी चूक गिळून तो पुढं सरकत होता. सुकन्यानं चूक छापणारी ओळ घातली आणि पुन्हा बटण दाबलं. आता तो बोलला: हा बिल्ला टेबलात आधीच आहे. शोधलं तर औंढ्याच्या सोजराबाईच्या नावावर!

“दोघींतली एक खोटी,” मॅनेजर अमृतराव म्हणाले. “हिचा अर्ज फाडा.”

सुकन्याला ते पटेना. “मावशी, बकरी कुणाची?”

“सोजराबाईची. माझ्याकडं अर्धलीनं हाय. एक पिल्लू तिचं, एक माझं. चारापाणी, राखण समदं माझ्याकडं.”

सुकन्यानं कपाळावर हात मारला. एका शेळीला एकच नाव, हा शहाणपणा तिनंच टेबलात घालून ठेवला होता! तिनं नियम बदलला: नंबर आणि नाव दोन्ही जुळलं तरच अडवायचं. नोंद गेली. कार्ड निघालं.

कार्ड हातात आलं तरी भिकाबाईचा पाय निघेना. “आमच्या आळीत समद्या बकऱ्या अर्धलीच्याच. समद्याजणी नोंद करून गेल्या, कारडाची वाट बघून राहिल्या. त्यांचं काय?”

सुकन्यानं यादी चाळली. त्या आळीतलं एकही नाव नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“म्हंजी आमी कुणीच नव्हतो व्हय इच्यात?”

“नव्हता, मावशी,” सुकन्या म्हणाली. “चूक माझी. उद्या मीच येते तुमच्या आळीत.”