दारापुढची जागा

बाजाररस्त्यावरचं पार्किंग काढायचं असं पालिकेने ठरवलं आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे तिथले दुकानदार एका दिवसात सख्खे भाऊ झाले. पालिकेचा बेत असा होता की दोन्ही कडेच्या गाड्या हटवायच्या, रस्ता रुंद करायचा, म्हणजे उपनगरांतून ऑफिसला येणाऱ्यांना शहराच्या पोटातून सुसाट जाता येईल. गाड्यांसाठी जुन्या गोदामाच्या जागी पार्किंगची इमारत होणार होती. तिथे गाडी लावायची आणि बाजारात चालत यायचं. नकाशावर सगळं छान दिसत होतं, पण नकाशावर कुणाचे पाय दुखत नाहीत.

बूटवाल्याचं सगळं पोटपाणी अशाच दुखणाऱ्या पायांवर चालत होतं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकलेली, कुणाचा घोटा अपघातात मोडून कसाबसा जुळलेला, अशांचे बूट तो माप घेऊन हाताने बनवत असे. त्याचं गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की लगेच खुर्चीत बसलं पाहिजे. पार्किंग गेलं तर इतरांचा धंदा थोडा बसणार होता. याचं दुकानच उठणार होतं.

दुकानदारांच्या संघाचा अध्यक्ष होता समोरचा चष्मेवाला. त्याने सगळ्यांना आपल्या दुकानात बोलावलं.

"गुरुवारी पालिकेची माणसं गाड्या मोजायला येतायत," तो म्हणाला. "मोजू देत की. सकाळी लवकर येऊन आपापली गाडी आपापल्या दारात लावा आणि दुकान बंद होईपर्यंत हलवू नका. एक जागा जरी रिकामी दिसली ना, तर म्हणतील, बघा, पार्किंग हवंय कुणाला!"

तशी ही युक्ती कुणाला नवी नव्हती. एरवीही निम्मे दुकानदार दारात आपलीच गाडी लावून बसत आणि पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही असं दिवसभर रडत. त्यामुळे सगळ्यांनी मान डोलावली. बूटवाल्यानेही डोलावली.

घरी बायकोने विचारलं, "अहो, पण मग गिऱ्हाइकाने गाडी कुठे लावायची?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तुम्हाला बुटातलं कळतं. बाकीचं मला विचारून करत जा."

पण गाव करील ते राव काय करील, असं म्हणून गुरुवारी त्याने आपली व्हॅन दारात आणून लावली. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना हा भलामोठा तपकिरी बूट रंगवलेला होता. कोपऱ्यावर पालिकेची एक मुलगी आणि एक बाप्या घडीच्या खुर्च्या टाकून लिहीत बसले होते. रस्ता असा गच्च भरला होता की अध्यक्षाच्या चेहऱ्यावरचा आनंद पलीकडून दिसत होता.

दुपारच्या आधी गाण्याच्या बाई आल्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंचा डावा पाय लहानपणापासून आखूड. त्यांच्या जावयाने दुकानापुढे गाडी सावकाश केली, पण थांबायला जागा नव्हती. मागून भोंगे वाजले, तशी गाडी पुढे गेली आणि वळसा घालून परत आली.

"अहो, व्हॅन काढा ना," बायको म्हणाली. "बाई आल्यात."

तो दारापर्यंत गेलाही. समोरून अध्यक्षाने मान हलवली आणि कोपऱ्यावरच्या दोघांकडे डोळ्यांनी खूण केली. बूटवाला उंबऱ्यात उभा राहिला. बाईंनी काचेतून त्याला ओळखीचं हसून हात केला. गाडी आणखी एक वळसा घालून आली आणि मग आली नाही.

"फोन करून सांगतो, उद्या या म्हणून," तो म्हणाला. त्याने फोन केलाच नाही, कारण सांगणार काय?

पुढच्या रविवारी सकाळी पालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली. वाहतूक विभागाची अधिकारीण बाई आवाज न चढवता बोलणारी होती.

"रस्ता पूर्ण भरलेला होता," ती म्हणाली, तेव्हा अध्यक्षाने विजयाने मागे वळून पाहिलं. "पण आम्ही गाड्या नुसत्या मोजल्या नाहीत. कोणती गाडी किती वेळ उभी आहे, तेही पाहिलं. सकाळी लावलेल्या गाड्या संध्याकाळी तिथेच होत्या. म्हणजे या पार्किंगचा गिऱ्हाइकांना काहीच उपयोग नाही. ते काढायला हरकत दिसत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बुटांच्या दुकानापुढे एक जागा चालता न येणाऱ्यांसाठी ठेवायचा विचार होता," ती पुढे म्हणाली. "पण तिथे दिवसभर दुकानाचीच व्हॅन होती. तिच्यावर बूट काढलेला आहे, त्यामुळे ओळखायला अडचण आली नाही."

मागे लोक हसले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून गाण्याच्या बाई जावयाच्या खांद्याला धरून उठल्या.

"मी गेले होते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "त्यांचं काही सामान उतरवायचं असेल. माणूस फार चांगला आहे हो. त्यांची जागा काढू नका."

बूटवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला. शेजारी बसलेल्या अध्यक्षाने त्याचा शर्ट ओढला, तो त्याने सोडवून घेतला.

"सामान वगैरे काही नव्हतं," तो म्हणाला. "व्हॅन मुद्दाम लावली होती. आम्ही सगळ्यांनीच लावल्या होत्या, रस्ता भरलेला दिसावा म्हणून. या बाई माझ्यासमोर तीनदा फिरून गेल्या आणि मी दारात उभा राहून बघत होतो."

मग जो गोंधळ उठला, त्यात "फितूर" हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द होता. अधिकारीण बाईने गोंधळ ओसरू दिला, शेजाऱ्याशी कुजबुजली आणि म्हणाली, "मोजणी पुन्हा करू. ती एक जागा मात्र राखीव राहील. पण तुमची व्हॅन तिथे दिसली, तर दंड होईल."

"मंजूर," बूटवाला म्हणाला.

सभा संपली. एकही दुकानदार त्याच्याशी बोलला नाही. बायको तेवढी शेजारी चालत होती. पण त्याला आनंद झाला होता, अगदी पोरासारखा. गर्दीतून वाट काढत तो बाईंच्या खुर्चीपाशी आला.

"बाई, आता काळजी नाही! गाडी थेट दारात लागेल. या आठवड्यात या, नवीन जोड करायला घेऊ."

बाईंनी पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. त्याची नजर खाली गेली. पायात काळे, तयार बूट होते. डाव्याच्या तळाला रबराची चकती चिकटवलेली होती, आणि ती चिकटवणाऱ्याने आखूड पाय कधी हातात धरून पाहिलेला नव्हता.

"त्याच दिवशी घेतले," बाई ओशाळून म्हणाल्या. "परत जाताना, बाहेरच्या हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात. जावई तरी किती वेळा फिरवणार बिचारे."

"चावतात का?" त्याने विचारलं.

"चावतात हो," बाई म्हणाल्या. "पण तिथे गाडी अगदी दारापर्यंत जाते."