तनुजाने निवडलेली पदवी

नीटचा निकाल लागला आणि देवणी गावातल्या घरात सगळ्यांची तोंडं उतरली. तनुजाला सरकारी मेडिकल मिळण्याइतके मार्क नव्हते. लातूरच्या शिकवणीवर बराच खर्च झाला होता. तिचे चुलते दयानंद म्हणाले, "खाजगी डेंटलला टाका. नावाआधी डॉक्टर तर लागंल. दीड एकर रान विकून टाकू."

वडील, श्रीमंत, सातबारा शोधायला उठले. पोरीसाठी जमीन विकायची त्यांची तयारी होती. तेच तनुजाला टोचलं.

"आप्पा, जरा थांबा," ती म्हणाली. "मी इचारून येते."

"काय इचारणार?" दयानंदकाकांनी विचारलं.

"शिकायला किती लागलं अन् आता किती मिळतंय, ते."

आधी ती लातूरला गेली. तिथल्या एका दवाखान्यात दात बघणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना तिनं थेट विचारलं. बाई दचकल्या, मग खरं बोलल्या. फीचे पंचवीस लाख गेले होते, पगार अठरा हजार होता आणि स्वतःचा दवाखाना टाकायचा तर पुन्हा तेवढेच लागणार होते. नांदेडला तिला गावचीच वर्षाराणी भेटली. अनुदानित कॉलेजातून मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी, मग एमएस्सी करून ती एका दूध प्रक्रिया कारखान्यात लागली होती.

"माझं सगळं शिक्षण खोलीभाड्यासकट तीन लाखांत झालं," वर्षाराणी म्हणाली. "आज चाळीस हजार मिळतात. पण नुसत्या बीएस्सीवर थांबलीस तर कुणी विचारत न्हाई. अन् बायोटेकच्या चकाचक जाहिरातीला भुलू नको. फी तिप्पट, अन् कामाला घेताना आमची कंपनी बायोटेकवालीला अन् मायक्रोवालीला एकाच रांगेत बसवते."

घरी येऊन तनुजानं सगळं सांगितलं. दयानंदकाका चिडले. "बीएस्सी तर गल्लीतलं कुणीबी करतंय!"

"करू दे की," श्रीमंत पहिल्यांदाच बोलले. "ती इचारून आलीय. आपण कुणाला इचारलं?"

तनुजानं नांदेडला मायक्रोबायोलॉजीला प्रवेश घेतला. पहिलं वर्ष जड गेलं. गावात लोक विचारायचे, "काय करायलीय पोरगी?" आणि आई, केवळाबाई, विषय बदलायची. पण तनुजाला प्रयोगशाळेची गोडी लागली. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तिनं आपल्याच शेतातल्या सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी आणल्या आणि त्यांतले नत्र धरून ठेवणारे जिवाणू वेगळे करून वाढवले. तिचं हे जिवाणूंचं वाण कुंडीतल्या रोपांवर बाजारातल्या जिवाणू खताच्या पाकिटापेक्षा सरस ठरलं.

शेवटच्या सत्रात लातूरची जैविक खतांची एक कंपनी मुलाखतीला आली. उमाशंकर नावाच्या व्यवस्थापकांनी प्रकल्पाबद्दल उलटसुलट विचारलं, मग म्हणाले, "अठरा हजार देऊ."

आधीची मुलं हो म्हणून गेली होती. तनुजानं आपल्या जिवाणूंची नळी टेबलावर ठेवली. "सर, या कामाला बाजारात सत्तावीस मिळतात, मी चौकशी केलीय. शिवाय माझं वाण इथल्याच जमिनीतलं हाय. परराज्यातून आणायची गरज पडणार नाही."

ते हसले नाहीत. "कळवतो," एवढंच म्हणाले.

नंतर कळवणं आलंच नाही. हातचं घालवलं, असं वाटून तिला जेवण जाईना. अखेर एका दुपारी फोन वाजला. उमाशंकरांनी तिनं दिलेलं वाण कंपनीच्या प्रयोगशाळेत लावून पाहिलं होतं.

"सत्तावीस न्हाई, तीस," ते म्हणाले. "अन् या वाणाचा विभाग तुम्हीच बघायचा."

तनुजा हॉस्टेलच्या जिन्यातच किंचाळली. मुली धावत आल्या, तिला उचललं, आणि खालच्या वॉचमननं शिट्टी फुंकली तरी कुणी ऐकलं नाही.

पहिल्या महिन्यात श्रीमंत लातूरला आले. पांढरा कोट घातलेल्या लेकीनं त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

"गुलाबी गुलाबी दिसायलंय."

"तेच जिवाणू, आप्पा, रंग दिल्यावर. आपल्या रानातले."

परतीच्या एसटीत कंडक्टरनं तिकीट विचारलं. श्रीमंतांनी छाती काढून, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "एक देवणी द्या. माझी पोरगी इथं सायंटिस्ट हाय!"